खलाशी

मिहानच्या हँगरात रात्री अडीच वाजता
विमान उभं असतं चाकांना ठोकळे लावून,
पोट उघडं, इंजिनांच्या तोंडावर लाल कापड.
मे महिना. पत्र्यातून दिवसाचं ऊन अजून गळतंय.
मी कॉकपिटात, उजव्या खुर्चीत.
बटण दाबते,
आणि जमिनीवर उभं असलेलं विमान
ओरडू लागतं की जमीन आली.

टेरेन, टेरेन.
पुल अप.

दाराबाहेर खर्रा घासत बसलेला तभाने म्हणतो,
ओ उईके मॅडम, खेचा नं वर,
केव्हाचा सांगून राह्यला तो!

जुनी यंत्रं फक्त खाली पाहायची.
पोटातून एक लहर सोडायची,
ती जमिनीला शिवून किती वेळात परतते ते मोजायचं.
वेळ भराभर घटला की बोंब.
पण समोरचा कडा सरळसोट उभा असेल
तर खालची जमीन अगदी शेवटपर्यंत
गुमान सपाट राहते.
आमचे जुने सर म्हणायचे,
पायाखाली बघत चालणाऱ्याचं कपाळ फुटतं.

आता कार्ड असतं, नखाएवढं.
त्यात जगातले सगळे डोंगर.
आज तेच बदललं. भरायला चाळीस मिनिटं लागली,
हिमालय, अँडीज, सातपुडा,
सगळे टक्केवारीत.

पडद्यावर नागपूर काळं.
काळं म्हणजे भीती नाही.
सेमिनरी हिल्सची टेकडी त्याच्या खिजगणतीत नाही.
पार उत्तरेला, पचमढीच्या अंगाला,
पिवळे चार ठिपके,
एक लाल.

तिथे माझे बाबा उभे होते.

सर्व्हे खात्यात. पाण्याचा थेंब नाही
तरी हुद्दा खलाशी.
खांद्यावर तिकाटणं, हातात रंगीत पट्ट्यांची काठी.
साहेब पलीकडच्या टेकाडावरून दुर्बिणीत बघायचे
आणि बाबा वाऱ्यात काठी सरळ धरून.
हलायचं नाही. माशी बसली तरी.
झनकलाल, लेफ्ट! साहेब झेंडा हलवायचे,
बाबा डावीकडे सरकायचे.
डावीकडे दरी आहे
हे दुर्बिणीत दिसत नसायचं.

झीरो माइलवरून बस गेली की अजून बोट दाखवतात,
त्या दगडावर समुद्रापासूनची उंची कोरली आहे म्हणून.
त्यांनी समुद्र पाहिलेला नाही.

परवा फोनवर रेकॉर्ड करून आणला तो आवाज.
कान गेलेत त्यांचे. तीनदा ऐकवला.
कोण बोलून राह्यला हा?
मशीन आहे, बाबा.
डोंगरावर गेला होता काय कधी?
नाही. त्याच्याजवळ यादी आहे.
नावं आहेत यादीत?
नावं नाहीत. उंच्या आहेत.

मग ओरडणारच, म्हणाले.
ओळखीचा असता
तर हाक मारली असती.

मग गच्चीवरच्या खाटेवर पडून
त्यांनी डोंगरांची नावं सांगितली, गोंडीतली,
मी विजेच्या बिलामागे लिहिली.
सहा झाली.
सातव्याशी अडले.
तिथे पाणी होतं, म्हणाले, एक वाकडं मोहाचं झाड होतं,
अन् नाव...
कूलर घरघरत राहिला.
मी पेन उघडंच ठेवलं होतं.

फाइलीत लिहायचं ते लिहिते. चाचणी केली.
आवाज स्पष्ट. दिवे चालू. दोष नाही.
वेळ तीन दहा. सही.
मग नियमात नसताना
पुन्हा एकदा दाबते.

टेरेन, टेरेन.

झालं नं मॅडम, तभाने ओरडतो, ऐकू आलं!
आलं, म्हणते.
पडदा तसाच चालू.
उत्तरेचा तो लाल ठिपका
लुकलुकत नाही, जागचा हलत नाही,
माशी बसली तरी.